जुन्या ट्रॅक्टरच्या लोडरची उचल

सांप्रत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावर काय आणि घाटाखालीं काय, ट्रॅक्टर नाहीं असें गांव क्वचितच सांपडेल. त्यांपैकीं पुष्कळ ट्रॅक्टर जुने आहेत. बापानें घेतले आणि मुलगा चालवीत आहे. अशा जुन्या ट्रॅक्टरांस पुढून लोडर बसवून घेण्याकडे अलीकडे कल दिसतो, व तो अनाठायीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मजुरांची टंचाई, शेणखताचे ढीग, तलावांतील गाळ, सोयाबीनचें कुटार, हीं सारीं कामें डोळ्यांपुढें असतां यंत्राची मदत घेणें योग्यच आहे. परंतु लोडर घेतांना खरेदीदार एकच प्रश्न विचारतो, "हा किती किलो उचलतो?" आणि विकणारा एकच आंकडा सांगतो. एवढ्या प्रश्नोत्तरावर मोठा व्यवहार होऊन जातो. पुढें कधीं ट्रॅक्टरचा पुढचा आंस मोडतो, तर कधीं चालविणाराच्या जिवावर बेततें. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उचल हा शब्द आपणां शेतकऱ्यांस दोन अर्थांनीं ठाऊक आहे. सालदार पाडव्यास उचल मागतो, तेव्हां मालक आपल्या थैलींत किती आहे एवढेंच पाहत नाहीं. सालभरांत ती फिटेल किती, हें पाहून तो उचल देतो. आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. तेथेंहि सातबारा हातीं घेतला म्हणजे क्षेत्र किती हें पाहून भागत नसे. इतर हक्कांत बोजा किती चढला आहे, तेंहि पाहावें लागे. लोडरचा हिशेबहि असाच आहे. उचलणारा एक असतो आणि तो बोजा सोसणारे दुसरेच असतात.

एका प्रश्नाचे चार प्रश्न

"किती उचलतो?" या प्रश्नाच्या पोटांत चार निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला, तेलाच्या दाबानें लोडर किती वर उचलूं शकतो? दुसरा, पुढचा आंस, त्याच्या बेअरिंगा व टायर किती भार सोसूं शकतात? तिसरा, भार उचलल्यावर मागच्या चाकांवर किती वजन शिल्लक राहतें? चौथा, लोडर ज्या ठिकाणीं आवळला आहे तें ट्रॅक्टरचें अंग किती ओढ सहन करितें? या चारही उत्तरांत जें सर्वांत लहान असेल तीच त्या ट्रॅक्टरच्या लोडरची खरी उचल समजावी. विकणारा सांगतो तो आंकडा बहुधा पहिल्या प्रश्नाचा असतो, आणि जुन्या ट्रॅक्टरांत पहिलें उत्तर बहुतकरून सर्वांत मोठें असतें. घोटाळा होतो तो येथेंच.

आणखी एक गैरसमज आरंभींच दूर करावा. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकांत उचलीचा एक आंकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ, मॅसी फर्ग्युसन १०३५ या ट्रॅक्टरास ११०० किलो असा आंकडा दिलेला आढळतो. तो आंकडा मागील अवजारें उचलणाऱ्या दोन दांड्यांचा आहे. मध्यप्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालांतील हायड्रोलिक उचलहि मागच्या बाजूचीच असते. पुढच्या लोडराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.

हे ट्रॅक्टर कोणत्या कामासाठीं घडले

हॅरी फर्ग्युसन यांचा टी-ई २० हा लहान ट्रॅक्टर इंग्लंडांत १९४६ सालीं बाहेर पडला. मागें तीन सांध्यांवर अवजार टांगावें व तेलाच्या दाबानें तें उचलावें, ही त्यांची पद्धत पुढें जगभर रूढ झाली. आपल्या देशांत आयशर कंपनीचा ट्रॅक्टर १९५९ सालीं तयार झाला. टॅफे कंपनी मद्रास येथें १९६० सालीं निघाली. महिंद्र यांनीं १९६३ सालीं इंटरनॅशनल कंपनीच्या साह्यानें ट्रॅक्टरचा उद्योग आरंभिला. स्वराज ट्रॅक्टर १९७४ सालीं बाजारांत आला. नांवें निराळीं असलीं तरी घडण सारखीच होती. नांगर, वखर, पेरणीयंत्र मागें लावून ओढावयाचें. नांगर ओढतांना भार मागच्या चाकांवर सरकतो व पुढचीं चाकें उलट हलकीं होतात. म्हणून कारखानदारांनीं मागचीं चाकें थोर केलीं आणि पुढचीं लहान ठेविलीं. त्यांचें काम मुख्यत्वें वळविण्याचें.

अशा ट्रॅक्टरास पुढून लोडर लावणें म्हणजे त्याच्या घडणीच्या उलट दिशेनें काम घेणें होय. तें घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु उलट काम आहे याची जाणीव असावी.

कित्येक जण म्हणतात, "जेसीबी एवढें मोठें बकेट भरून उचलतो, मग आपल्या ट्रॅक्टरानें त्याच्या निम्मे तरी उचलावें." ही तुलना बरोबर नाहीं. बॅमफर्ड यांनीं इंग्लंडांत १९४५ सालीं स्थापिलेल्या व १९७९ सालीं आपल्या देशांत आलेल्या त्या कंपनीचें यंत्र मुळांतच भार उचलण्यासाठीं घडविलेलें असतें. त्याचा सांगाडा एकसंध, पुढचा आंस भक्कम. आणि मागें जो खोदण्याचा लांब हात दिसतो, तोच पुढचें बकेट उचलतांना पाठीमागील वजनाचें काम करितो. आपल्या ट्रॅक्टरास यांपैकीं कांहींच नसतें.

तेलाची ताकद

आतां हिशेब करूं. पुढील सर्व आंकडे दाखल्यासाठीं धरले आहेत. वाचकांनीं आपल्या यंत्राचीं मापें घेऊन त्या जागीं घालावीं.

लोडरास दोन सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा आंतील व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचें क्षेत्र सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास १५० किलो धरला, तर एका सिलिंडराचा जोर सुमारें २९४५ किलो व दोहोंचा ५८९० किलो झाला. आंकडा मोठा दिसतो. परंतु हा जोर बकेटाशीं नसून लोडरच्या भुजांच्या बुंध्याजवळ लागतो. पहारीनें दगड उचलतांना टेकू दगडाजवळ घ्यावा लागतो हें आपण जाणतों. येथें टेकू उलट हाताच्या बाजूस आहे. सिलिंडराची ओढ भुजेच्या खिळीपासून ४० सेंटिमीटरांवर, आणि बकेटांतील मालाचा मध्य त्याच खिळीपासून २६५ सेंटिमीटरांवर.

५८९० गुणिले ४० म्हणजे २,३५,६०० झाले. हें आपलें एकंदर उत्पन्न समजा. यांतून आधींचा बोजा वजा करावयाचा. भुजांचें वजन १६० किलो, त्याचा मध्य ११० सेंटिमीटरांवर, गुणाकार १७,६००. रिकाम्या बकेटाचें वजन १२० किलो, २५० सेंटिमीटरांवर, गुणाकार ३०,०००. दोन्ही वजा जातां १,८८,००० उरले. त्यास २६५ नें भागिलें असतां सुमारें ७०९ किलो येतात. भुजा आडव्या असतांना तेलाच्या बळावर उचलला जाणारा माल तो हा.

आतां पंप झिजला आहे, दाब १५० च्या ऐवजीं १२० च येतो असें धरा. उत्पन्न १,८८,४८० वर आलें. बोजा मात्र तेवढाच, ४७,६००. बाकी १,४०,८८०, म्हणजे माल ५३१ किलो. दाब पांचव्या हिश्शानें उतरला, पण माल चौथ्या हिश्शानें घटला. दुष्काळांत उत्पन्न घटतें पण कर्जाचा हप्ता घटत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे. बकेट व भुजा निष्कारण जड करून घेणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. स्थानिक कारागीर "मजबूत केलें" म्हणून जाड पत्रा वापरतो, तो प्रत्येक खेपेस मालाची जागा खातो.

तेलाचा दाब आणि तेलाचा पुरवठा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, त्यांची गल्लत करूं नये. दाबावर उचल अवलंबून असते, पुरवठ्यावर वेग. वरील सिलिंडराची धांव ६० सेंटिमीटर असेल तर दोहोंस मिळून सुमारें २.४ लिटर तेल लागतें. पंप मिनिटास १२ लिटर तेल देत असेल तर भुजा वर जाण्यास १२ सेकंद लागतील. मोठा पंप बसविला तर त्या लवकर जातील, पण एक किलोहि अधिक उचलणार नाहींत. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत मूळ पंप मागच्या पेटींत गिअरच्याच तेलांत बुडालेला असतो. लोडर त्याच पंपावर चालविला तर भुजा वर असतांना पेटींतील तेलाची पातळी उतरते, व गिअरमधील कचरा लोडरच्या सिलिंडरांत शिरतो. असें असल्यास भुजा वर करून पातळी पाहावी, आणि शक्य तर लोडरास निराळा पंप व निराळी टांकी ठेवावी.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. लोडर कमी उचलतो अशी तक्रार घेऊन गेलें कीं कांहीं कारागीर रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखालीं वॉशर घालून दाब वाढवून देतात. गिऱ्हाइक खूष होतें. परंतु हा व्हॉल्व्ह म्हणजे बंधाऱ्याचा सांडवा आहे. सांडव्यावर भिंत घातली म्हणजे तलावांत पाणी अधिक सांठतें खरें. पण मग तें कोठून फुटेल याचा नेम राहत नाहीं. येथें फुटतें तें रबरी नळींतून, सिलिंडराच्या जोडांतून, किंवा लोडर आवळलेल्या बिडाच्या अंगांतून.

पुढच्या आंसावरील बोजा

बैलगाडींत माल मागें अधिक झाला म्हणजे गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें, आणि गाडीवान दोन माणसांस पुढें बसवितो. लोडरच्या ट्रॅक्टराचें नेमकें उलट होतें. पुढचा आंस हा टेकू, बकेट त्याच्या पुढें लोंबतें, आणि मागचीं चाकें वर उठूं पाहतात.

आपल्या दाखल्यांतील ट्रॅक्टर १७०० किलोचा घेऊं. पुढच्या चाकांवर ७०० व मागच्या चाकांवर १०००. दोन आंसांमधील अंतर १८३ सेंटिमीटर. लोडरच्या भुजांची खिळ पुढच्या आंसाच्या ११० सेंटिमीटर मागें आहे. म्हणजे भुजा आडव्या असतां मालाचा मध्य आंसाच्या १५५ सेंटिमीटर पुढें जातो, व रिकाम्या बकेटाचा १४० सेंटिमीटर. भुजांचें स्वतःचें वजन योगायोगानें बरोबर आंसावर पडतें.

बकेटांत ५०० किलो माल घेतला. त्या मालाचे ५०० किलो तर पुढच्या आंसावर पडलेच. शिवाय ५०० गुणिले १५५ भागिले १८३, म्हणजे ४२३ किलो मागच्या चाकांवरून निघून पुढें आले. रिकाम्या बकेटाचे १२० व त्यानें मागून ओढलेले ९२; भुजांचे १६०. मूळचे ७०० धरून पुढच्या आंसावर एकंदर १९९५ किलो झाले, आणि मागें उरले ४८५. सारें वजन २४८० किलो, बेरीज जुळते.

शेतकरी म्हणेल, "ट्रॅक्टर उलटला नाहीं ना? मग झालें." परंतु ज्या आंसावर ७०० किलो असावयाचे तेथें १९९५ किलो आले, म्हणजे जवळजवळ तिप्पट, प्रत्येक लहान चाकावर सुमारें १००० किलो. तेलाच्या पुऱ्या बळावर ७०९ किलो उचलले तर पुढें २३८१ आणि मागें अवघे ३०८ राहतात. हा उभ्या ट्रॅक्टराचा हिशेब झाला. चालत असतां चाक खड्ड्यांत आदळलें म्हणजे क्षणभर भार याहून बराच वाढतो. असा आंस एका दिवसांत मोडत नाहीं. आधीं बुशा झिजतात, मग स्टिअरिंग जड होतें, टायरची बाजू तडकते, मधली सेंटर पिन ढिली होते, आणि ज्या दिवशीं मोडतो त्या दिवशीं बकेट वर असतें.

सारी किंमत पुढच्या आंसाच्या सोसण्यावर आहे, म्हणून हा आंकडा कसा काढावा तें सांगतों. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत पुढच्या आंसाची कमाल भारमर्यादा दिली असल्यास ती घ्यावी. टायरवर त्याचें माप व पदर लिहिलेले असतात. टायर कंपनीच्या तक्त्यावरून त्या मापाच्या टायरास किती हवेंत किती भार चालतो तें पाहावें व त्याची दुप्पट करावी. दोहोंपैकीं लहान आंकडा धरावा. समजा, तो दोन्ही चाकें मिळून १४०० किलो आला. आपल्या ट्रॅक्टरावर लोडर रिकामा असतांनाच पुढें १०७२ किलो झालेले आहेत, शिल्लक ३२८. प्रत्येक किलो माल पुढच्या आंसावर सुमारें १.८५ किलो होऊन पडतो. ३२८ ला त्यानें भागिलें तर माल निघतो १७८ किलो! तेलाचें बळ ७०९ किलोंचें, आणि आंसाची ऐपत १७८ किलोंची. वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

पाठीमागील वजन

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाहीं. मागच्या तीन सांध्यांवर वजन टांगावें. ४०० किलोंचा ठोकळा मागच्या आंसाच्या १०० सेंटिमीटर मागें टांगला, तर तो पुढच्या आंसावरून २१९ किलो उचलून घेतो व मागच्या चाकांवर एकंदर ६१९ किलो वाढवितो. मग रिकाम्या लोडराचा पुढचा भार ८५३ वर येतो, शिल्लक ५४७ राहते, आणि माल २९६ किलो घेतां येतो. १७८ च्या जागीं जवळजवळ तीनशें. सिमेंट काँक्रीटचा ५५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद व तेवढाच उंच ठोकळा भरला तर तो सुमारें ४०० किलोंचा होतो. आंत लोखंडी सळ्या व टांगण्यासाठीं मजबूत खिळी ओतून घ्याव्या. गांवचा गवंडी व लोहार मिळून हें काम करूं शकतात.

कांहीं जण मागच्या टायरांत पाणी भरून समाधान मानतात. पाण्यानें मागचीं चाकें जड होतात हें खरें, व तें उपयोगीहि आहे. पण तें वजन मागच्या आंसावरच बसतें, म्हणून पुढच्या आंसाचा एक किलोहि भार त्यानें कमी होत नाहीं. पुढचा भार हलका करावयाचा तर वजन मागच्या आंसाच्या मागेंच लोंबलें पाहिजे. हा भेद पुष्कळांस ठाऊक नसतो.

मागच्या चाकांवर वजन राहणें याचें दुसरेंहि एक कारण आहे. आपल्या जुन्या ट्रॅक्टरांस ब्रेक फक्त मागच्या चाकांस असतात. मागें ३०८ किलो उरलेला ट्रॅक्टर उतारावर ब्रेक दाबूनहि थांबत नाहीं, चाकें नुसतीं घसरतात. यास्तव एकंदर वजनाचा निदान चौथा हिस्सा मागच्या चाकांवर राहील असें पाहावें.

ट्रॅक्टरचें अंग

जुन्या ट्रॅक्टरांस मोटारीसारखा निराळा सांगाडा बहुधा नसतो. एंजिन, क्लचची पेटी व गिअरची पेटी हींच एकमेकांस बोल्टांनीं आवळून ट्रॅक्टरचा कणा झालेला असतो, आणि हीं अंगें बिडाचीं असतात. बीड दाब सोसतें, ओढ व हिसका सोसत नाहीं. लोडरच्या बैठकी केवळ क्लचच्या पेटीवर दोन-चार बोल्टांनीं आवळल्या असतील तर प्रत्येक खेपेस त्या पेटीस मुरड पडते. म्हणून लोडरची चौकट पुढें एंजिनच्या तोंडापासून मागें मागच्या आंसाच्या घरापर्यंत नेलेली असावी, म्हणजे ओढ साऱ्या अंगावर वांटली जाते. खरेदीपूर्वीं ट्रॅक्टराखालीं वाकून ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी. पेटीच्या सांध्यांतून तेल पाझरूं लागलें तर तेथें नुसता सोल्यूशन लावून काम चालू ठेवूं नये.

कांट्यावर परीक्षा

वरील हिशेब कोणासहि आपल्या ट्रॅक्टरापुरता करतां येईल. खामगांव, मलकापूर, चिखली अशा बाजाराच्या गांवीं वजनकांटे आहेतच. रिकाम्या लोडरासह ट्रॅक्टर तेथें न्यावा. आधीं फक्त पुढचीं चाकें कांट्यावर घेऊन वजन घ्यावें; मग सारा ट्रॅक्टर; मग फक्त मागचीं चाकें. पुढील व मागील वजनांची बेरीज एकंदराशीं जुळली म्हणजे तोलणी बरोबर झाली. जमल्यास तीच तोलणी बकेटांत माल भरून, पण तें जमिनीपासून वीतभरच उचलून, पुनः करावी. पावत्या जपून ठेवाव्या. तोंडच्या गप्पांपेक्षां त्या तीन पावत्या अधिक खऱ्या असतात.

माल ओळखून बकेट

बकेट घनफुटांनीं विकलें जातें आणि आंस किलोंनीं मोडतो. म्हणून कोणत्या मालाचें घनफूट किती भरतें हें माहीत हवें. १० घनफुटांच्या बकेटांत चांगलें कुजलेलें, फारसें ओलें नसलेलें शेणखत सुमारें दीडशें किलो बसतें. मोकळें सोयाबीन भरलें तर दोनशें किलोंच्या वर जातें. कुटार तर नाममात्र. पण तलावांतील ओला गाळ त्याच बकेटांत जवळजवळ पांचशें किलो भरतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास ओला गाळ म्हणजे सुमारें पांच टन.

गाळाचा विषय आपल्या जिल्ह्यांत महत्त्वाचा आहे. राज्य सरकारनें २०१७ सालीं गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना काढली. २०१८ सालीं भारतीय जैन संघटनेनें सरकारच्या सहकार्यानें सुजलाम् सुफलाम् हें काम आपल्या जिल्ह्यांत हातीं घेऊन शंभराहून अधिक मोठीं यंत्रें तलावांवर लाविलीं. हलक्या मुरमाड रानांत गाळ पडला म्हणजे काय फरक पडतो हें घाटावरच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. परंतु तलावांत गाळ खोदणें व ट्रॉली भरणें हें काम त्या मोठ्या यंत्रांचेंच आहे. आपल्या जुन्या ट्रॅक्टराच्या लोडरानें शेतांत पडलेला ढीग वाळल्यावर पसरावा. ओला गाळ भरण्याच्या भरीस पडूं नये. भरावयाचाच झाला तर आपल्या दाखल्यांतील ट्रॅक्टरानें, तोहि पाठीमागील वजन टांगून, सहा घनफुटांहून अधिक घेऊं नये. एका ब्रासास दहा खेपांच्या जागीं सतरा खेपा होतील. सात खेपांचीं दहा-पंधरा मिनिटें जातील. पुढचा आंस मोडला तर ऐन पेरणीचा वाफसा निघून जातो, आणि वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं.

तात्पर्य, हलक्या मालास मोठें बकेट व जड मालास लहान बकेट, अशीं दोन बकेटें ठेवणें हीच जुन्या ट्रॅक्टराची खरी सोय आहे. एकच घ्यावयाचें तर लहान घ्यावें.

चालवितांना

भरलेलें बकेट चालतांना जमिनीपासून हातभरच उंच ठेवावें. ट्रॉलीजवळ पोंचल्यावरच वर न्यावें. ट्रॅक्टरचा पुढचा आंस मध्यें एकाच पिनवर डुलतो, म्हणून भार उंच गेला म्हणजे ट्रॅक्टर तीन पायांच्या तिवईसारखा होतो आणि आडव्या उतारावर बाजूस कलंडतो. चढावर भार पुढें ठेवून जावें. उतरतांना मागें मागें उतरावें, म्हणजे भार चढाच्या बाजूस राहतो. दोन्ही ब्रेकांचे पाय जोडून ठेवावे. घाटाखालीं पूर्णाकांठच्या खोल काळ्या रानांत ओल असतां लोडर नेऊंच नये. लहान पुढचीं चाकें भारानें रुततात व बाहेर काढतांना आंसाची परीक्षा होते. पोतीं किंवा गठ्ठे बकेटांत रचून फार उंच नेऊं नयेत. भुजांवरून घरंगळून तीं चालविणाराच्या अंगावर येतात, आणि जुन्या ट्रॅक्टरावर डोक्यास आडोसा नसतो. उचललेल्या भुजांखालीं कोणासहि जाऊं देऊं नये. बकेटांत माणूस उभा करून झाडाच्या फांद्या तोडणें किंवा विजेच्या तारेशीं खटपट करणें हें तर सर्वथा वर्ज्य समजावें. काम संपलें कीं बकेट जमिनीवर टेकवूनच खालीं उतरावें. तेल धरून राहील या भरंवशावर भुजा रात्रभर वर ठेवूं नयेत.

सारांश

लोडर घेणाऱ्या बंधूंनीं पुढील गोष्टी क्रमानें कराव्या. ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या आंसावरील वजन कांट्यावर काढावें. पुढच्या आंसाची व टायरची मर्यादा लिहून घ्यावी. भुजा आडव्या असतां माल आंसाच्या किती पुढें जातो तें फितीनें मोजावें. त्यावरून किती किलो माल चालेल तो हिशेब करावा, व पाठीमागील वजनासह पुनः करावा. आलेल्या किलोंस आपल्या सर्वांत जड मालाच्या घनफुटाच्या वजनानें भागून तेवढेंच बकेट घ्यावें. शेवटीं तो आंकडा बकेटावर रंगानें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. कारण ट्रॅक्टर आज आपण चालवितों, उद्यां मुलगा चालवील, परवां शेजारी मागून नेईल. आपला हिशेब त्यांस तोंडपाठ नसतो, पण बकेटावरचें अक्षर प्रत्येकास वाचतां येतें.